खंदकवाले काका

बेसमेंट दाखवताना त्यांनी आम्हाला नोकरी कुठे, मुलंबाळं आहेत का, कॅनडात येऊन किती दिवस झाले, यातलं काहीच विचारलं नाही. भिंतीला तळहात टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "तुमच्या घराभोवती चारी बाजूंनी पाणी असतं, तर तुम्हाला सुरक्षित वाटलं असतं की अडकल्यासारखं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो सरळ माणूस. त्याने थोडा विचार केला आणि विचारलं, "पाणी किती खोल?"

"हां! हा खरा प्रश्न!" काका म्हणाले, आणि आम्हाला जागा भाड्याने मिळाली. वरून काकूंचा आवाज आला, "अहो, त्यांना आधी हीटिंगची फर्नेस कुठे आहे ते दाखवा!"

ही दोन हजार पाच-सहाची गोष्ट. विनिपेगमध्ये तेव्हा मराठी घरं मोजकीच, त्यामुळे सगळ्यांना सगळ्यांची खबर असायची. आम्ही कुठे राहतो हे ऐकलं की समोरचा हसायचा. "खंदकवाल्यांकडे का? बरं बरं. मग झोप होते का?"

झोप व्हायची. दिवसा मात्र निवांतपणा नसे. काका कधीही जिना उतरून यायचे, दारावर दोनदा टकटक करायचे आणि उत्तराची वाट न बघता प्रश्न विचारायचे. "सांग बरं, रात्री गाय चोरायला आलेला माणूस बारा फूट रुंद पाणी बघून परत जाईल का?" मी पोळ्या लाटता लाटता म्हणायचे, "गाय पोहते की काका." ते थबकायचे. "पोहते. पण चोराबरोबर पोहेल का?" आणि तसेच वर निघून जायचे. त्यांचा चहा माझ्या ओट्यावर अर्धा राहिलेला असायचा. वर काकूंच्या घरातही असेच अर्धे कप सापडत. खिडकीत, जिन्यावर, एकदा तर गराजमध्ये विंटर टायर्सच्या थप्पीवर.

हा सगळा प्रकार काय होता ते सांगते. काका पुण्याचे. सिव्हिल इंजिनियर होऊन साठच्या दशकात इंग्लंडला गेले, तिथल्या पूर्वेकडच्या एका जिल्ह्यात शेतांतल्या पाण्याचा निचरा करण्याच्या खात्यात त्यांना काम मिळालं. सायकलवरून हिंडायचं, चर मोजायचे, नकाशात भरायचे. असंच एका ओल्या कुरणात ते एका चराच्या कडेने चालायला लागले. चर सरळ गेला, काटकोनात वळला, पुन्हा सरळ गेला, पुन्हा वळला. चौथ्या वळणानंतर काका जिथून निघाले होते तिथेच परत आले. मधे नुसता गवताचा चौकोन, त्यावर दोन मेंढ्या. शेतमालकाला विचारलं तेव्हा कळलं की सहा-सातशे वर्षांपूर्वी त्या चौकोनात कुणाचं तरी घर होतं. घर, गोठा, दोन-चार फळझाडं, आणि भोवती हाताने खणलेला पाण्याचा खंदक. घर केव्हाच मातीला मिळालं होतं. खंदक मागे राहिला होता.

त्या मुलखात असे खंदक गावोगाव आहेत, हे त्यांना नंतर समजलं. आणि तिथून काकांना जे लागलं ते लागलंच. पुढे कॅनडात आले तरी सुटलं नाही. वर त्यांच्या दिवाणखान्यात देवाची तसबीर एक आणि विमानातून काढलेले खंदकांचे फोटो भिंतभर. हिरव्या शेतात काळसर चौकोन. पाहुण्यांना आधी ते पाहावे लागत.

मराठी माणसाला खंदक म्हटलं की किल्लाच आठवतो. कुणीतरी हमखास म्हणायचं, "म्हणजे जंजिऱ्यासारखं का?" काका तडकायचे. "जंजिरा नाही हो! तोफा नाहीत, बुरूज नाहीत, राजा नाही! खाऊनपिऊन सुखी असलेल्या जमीनवाल्याचं घर आहे! त्याला कुणाची एवढी भीती होती, हा प्रश्न आहे!"

या प्रश्नाचं त्यांचं उत्तर दर आठवड्याला बदलायचं. एकदा म्हणायचे चोरांसाठी. मग म्हणायचे छे, मासे पाळायला. मग, चिकणमातीची जमीन, घर कोरडं ठेवायला चर लागणारच, तो जरा रुंद केला. मग, शेजाऱ्याने खणला म्हणून यानेही खणला. प्रत्येक उत्तर सापडलं की ते खूश व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं छिद्र सापडलं की त्याहून खूश व्हायचे. त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "निसर्ग काटकोन करत नाही. जमिनीवर काटकोन दिसला की समजायचं, तिथे कुणीतरी घाबरलं होतं, नाहीतर मिरवत होतं."

एका दिवाळीला कम्युनिटी सेंटरमध्ये पॉटलक, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून जेवण, होतं, तेव्हा त्यांनी आग्रहाने स्लाइड शो ठेवला. वीस मिनिटं म्हणाले होते. तासाभराने बटाटेवडे गार झाले आणि मोठी माणसं एकेक करून वॉशरूमच्या दिशेने पांगली. उरली मुलं. एका मुलीने हात वर करून विचारलं, "वेअर देअर क्रोकोडाइल्स?" काकांनी तिला अगदी गंभीरपणे सांगितलं, "नो, माय डिअर. कार्प फिश. अँड मेनी डक्स." मग मुलांच्या प्रश्नांचा पाऊसच पडला. थंडीत पाणी गोठायचं का? मग शत्रू चालत आला तर? काका स्टेजवर येरझारा घालत उत्तरं देत होते, आणि काकू माझ्या शेजारी गार वडा खात म्हणाल्या, "लग्नानंतर पहिली सहल कुठे, तर चिखलात. मी नवी साडी नेसून काठावर उभी, आणि हे टेपचं एक टोक माझ्या हातात देऊन पलीकडे पळालेले."

काकांना बसवत नसे. जेवण उभ्याने, फोन चालता चालता. घरंही तशीच. विनिपेगमध्येच त्यांनी इतकी घरं बदलली होती की काकूंनी भिंतीवर खिळे ठोकणंच सोडून दिलं होतं. "एक घर लावून होतं न होतं, तोवर हे खिडकीतून पलीकडचा रस्ता बघायला लागतात," त्या म्हणायच्या. मुलगा कॅलगरीला होता. तो दर रविवारी फोन करून आईला सांगायचा, "मॉम, यू डोन्ट हॅव टू लिव्ह लाइक धिस." काकू फोन ठेवायच्या आणि भांडी घासायला घ्यायच्या.

मी एकदा काकांना सरळच विचारलं. "लहानपणी तुमचं घर गेलं होतं का पुरात? असं काही?"

"का?"

"नाही, हे एवढं वेड कुठून आलं म्हणून."

"मला आवडतं. प्रत्येक गोष्टीला बालपण कशाला लागतं?" ते म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून गेले.

त्यांचं लायसन्स डोळ्यांमुळे गेलं होतं. मी नुकतीच गाडी शिकले होते आणि मला हायवेची भीती वाटायची. म्हणून काकूंनीच तोड काढली. रविवारी मी त्यांना शहराच्या दक्षिणेला फिरवून आणायचं. माझा हात बसेल आणि काकूंना तीन तास शांतता मिळेल. असं आमचं हिंडणं सुरू झालं.

तिथे जमीन पोळपाटासारखी सपाट. रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेला वाहते, त्यामुळे वसंतात तिकडचा बर्फ आधी वितळतो आणि इकडे नदी अजून गोठलेलीच असते. पाण्याला वाट मिळाली नाही की ते शेतांवर पसरतं, मैलोन्‌मैल. म्हणून तिथल्या शेतकऱ्यांनी घर, गोठा, धान्याच्या कोठ्या असं सगळं मिळून भोवती मातीचा उंच बांध घातलेला असतो. काकांनी असा पहिला बांध मला दाखवला तेव्हा गाडी थांबायच्या आत त्यांनी दार उघडलं.

"बघितलंस? तिकडे खड्डा खणून पाणी भरलं, इकडे भिंत घालून पाण्याला बाहेर ठेवलं. पूर आला की दोन्ही एकच! पाण्यात बेट!"

अशाच एका बांधावर आम्हाला पीटर भेटला. सत्तरीचा, एकशिवड्या अंगाचा शेतकरी. दोन परके लोक आपल्या बांधावर का चढलेत, असं विचारायला आला होता. काकांनी त्याला उलटं विचारलं, "धिस क्ले, व्हेअर डिड यू टेक इट फ्रॉम?" पीटरने हात करून शेताकडेचा खड्डा दाखवला. पुढचा तासभर दोघं मातीवर बोलले. पीटर फारच कमी बोलणारा माणूस, पण काकांसमोर कुणी कमी बोललं तरी भागायचं. त्यानंतर आमचा रविवार तिथेच ठरला.

पुढचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मनात राहायला नको. आम्ही विनिपेग सोडून मिसिसागाला आलो त्यानंतर एक-दोन वर्षांत काका गेले. झोपेत, शांतपणे. त्यांच्यासाठी तो शब्द वापरताना मला अजून चुकल्यासारखं वाटतं. काकू आता मुलाकडे आहेत. फोनवर बोलतो आम्ही. पण मला ते दोघं आठवतात ते त्या वसंतातले, आमच्या तिथल्या शेवटून दुसऱ्या वसंतातले.

त्या वर्षी बर्फ खूप पडला होता आणि एकदम ऊन पडलं. रेडिओवर रोज नदीची उंची सांगत होते. पीटरने बायकोला आधीच तिच्या बहिणीकडे शहरात पाठवलं होतं. स्वतः आणि त्याचा मुलगा, दोघंच मागे राहिले होते. शनिवारी सकाळी काका खाली आले, या वेळी टकटकही न करता. "आज ते बांधाचं तोंड बुजवणार आहेत. चल."

गाडी आत-बाहेर करायला बांधात जी फट ठेवलेली असते, ती पुराआधी मातीने भरून टाकतात. आम्ही पोचलो तेव्हा बुलडोझर ते काम करत होता. क्षितिजावर शेतं संपून चकाकणारी एक रेघ दिसत होती. आधी मला वाटलं ऊन आहे. ते पाणी होतं. अजिबात आवाज न करता येत होतं.

फटीतली माती कमरेइतकी चढली तेव्हा काका तिच्यावरून चढून आत गेले.

"काका, रस्ता बंद होणार आहे. चला."

"तू जा. मी दोन दिवस राहतो."

"काकूंना काय सांगू?"

"सांग, दोन दिवस."

पीटर खांदे उडवून म्हणाला की त्याला चालेल, एक खोली रिकामी आहे. मी खूप विनवलं, शेवटी चिडले. पोलिसाची गाडी येऊन भोंगा वाजवायला लागली तेव्हा मला निघावंच लागलं.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. स्टोव्ह बंद केला. "गोळ्या नेल्यात?"

"नाही."

साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या, डबीसकट, सिंकशेजारी होत्या. काकूंनी डबी उचलून पर्समध्ये टाकली. दोन दिवसांचे सहा झाले. पीटरचा फोन चालू होता. काका फोनवर यायचे, पाणी कुठवर आलं ते सांगायचे, आणि काकू गोळ्यांचं बोलल्या की लाइन खराब आहे म्हणायचे. अखेर काकूंनी तिथल्या म्युनिसिपालिटीला फोन केला. अडकलेल्या घरांना सामान पोचवायला त्यांची बोट जात होती. काकूंचं इंग्रजी जपून, एकेक शब्द तोलून येणारं. "माय हजबंड इज देअर. ही इज सिक. ही इज ऑल्सो स्टुपिड." पलीकडचा माणूस हसला असावा, कारण आम्हाला बोटीत दोन जागा मिळाल्या.

ज्या रस्त्यावर मी हायवेवर गाडी चालवायला शिकले, त्याच्यावरून आम्ही बोटीने गेलो. पाण्यातून फक्त पाट्या वर आलेल्या. काकूंनी कोटाची सगळी बटणं लावली होती, त्यावर नारिंगी लाइफ जॅकेट, आणि दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता. अर्ध्या वाटेत त्या समोर बघतच म्हणाल्या, "मुलाने तिकीट काढून ठेवलंय. आज हे माझ्याबरोबर आले नाहीत, तर मी कॅलगरीला जाणार. एकटी. मी त्याला हो म्हटलंय."

"काकू, असं कसं..."

"चाळीस वर्षं टेपचं टोक धरून उभी आहे गं मी."

पीटरचं घर दिसलं. तपकिरी पाण्याच्या विस्तारात मातीचा एक चौकोन, आत लाल छपराचा गोठा. बोट बांधाला लागली आणि आम्हाला ओरडण्याचा आवाज आला. काका ओरडत होते.

आतल्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी, जमिनीतून पाणी उसळत होतं. फार नाही, घागरीच्या तोंडाएवढं. पीटर नंतर म्हणाला की तुमचा माणूस पहाटेपासून बांधावर फेऱ्या मारतो, त्याने ते पाहिलं नसतं तर आम्हाला दुपारपर्यंत कळलंच नसतं. पीटरचा मुलगा वाळूची पोती त्या भोकावर दाबून बसवायला बघत होता, आणि काका त्याचा दंड धरून त्याला मागे ओढत होते.

"नॉट ऑन टॉप! इट विल बर्स्ट समव्हेअर एल्स! अराउंड! अराउंड इट!" मग घाईत त्यांची भाषाच बदलली. "पाणी गढूळ आहे, दिसतंय ना? म्हणजे बांधाची माती आतून वाहून चाललीय! भोवती पोती रचा, गोल! आत पाणी चढू दे! ते चढलं की खालचा जोर आपोआप कमी होतो!"

कोण आलंय हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. जो दिसेल त्याला ते कामाला लावत होते. बोटीचा माणूस, मी, पीटर, सगळे रांगेत उभे राहिलो. माझ्या पुढे काकू होत्या. त्यांनी पर्स खांद्यावर तशीच ठेवून माझ्याकडून पोतं घेतलं आणि पुढे दिलं. पुन्हा घेतलं, पुन्हा दिलं. कोट चिखलाने माखला. पोत्यांचं कडं गुडघ्याएवढं झालं, मग मांडीएवढं. आत पाणी चढत गेलं, उसळणं मंदावलं. काका वाकून नुसते बघत होते. बऱ्याच वेळाने त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि उजेडात धरलं.

"स्वच्छ येतंय," ते म्हणाले.

पीटर पहिल्यांदाच खाली बसला, सरळ चिखलातच.

मग काकांनी वर पाहिलं. "तू कधी आलीस?"

"गोळ्या आणल्यात." काकूंनी डबी उघडून त्यांच्या तळहातावर दोन ठेवल्या. त्यांनी त्या पाण्याशिवायच गिळल्या.

बोटीच्या माणसाने घड्याळाकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "चला."

"मला येता नाही येणार."

"का?"

"हे पाणी पुन्हा गढूळ झालं तर यांना कळणार नाही. वारा सुटला तर पलीकडची बाजू पण बघावी लागेल. पाणी उतरेपर्यंत इथे कुणीतरी हवं."

"आयुष्यात पहिल्यांदा एका जागी थांबतो म्हणताय," काकू म्हणाल्या, "ते पण पुरात."

काका हसले नाहीत. चिखलाचे हात पँटला पुसत म्हणाले, "पोराने मला फोन केला होता. तिकिटाचं माहितीय मला. तू जा कॅलगरीला. मी रागावणार नाही. तुझं बरोबरच आहे." मग म्हणाले, "आधीच जायला हवं होतंस."

काकूंनी बांधाकडे पाहिलं, मग पोत्यांच्या त्या कड्याकडे, मग काकांच्या पायांकडे. पायांत पीटरचे बूट होते, दोन नंबर मोठे. मी बोटीकडे वळले होते. मला त्या दोघांचं बोलणं ऐकायचं नव्हतं. मागून काकूंनी हाक मारली. त्यांनी लाइफ जॅकेटचे बंद सोडले, ते माझ्या हातात दिलं, आणि पर्समधून घराची किल्ली काढून त्यावर ठेवली.

"फ्रिजमधलं दूध वापरून टाका तुम्ही. आणि त्याला फोन कर. म्हणावं, आई सध्या येत नाही."

मग त्या पीटरकडे वळल्या आणि एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "मिस्टर पीटर, व्हेअर इज युअर किचन?"

पीटरने हात वर करायच्या आतच त्या चालू लागल्या होत्या. मऊ चिखलात त्यांचा पाय घोट्यापर्यंत रुतला, तशी काका धावले आणि त्यांनी काकूंचं कोपर धरलं. "अगं, जपून. इथे भुसभुशीत आहे. इकडून ये, माझ्या पावलांवर."

"सोडा," काकू म्हणाल्या. पण त्यांनी कोपर सोडवून घेतलं नाही.

बोट निघाली. बांध टिकला, पाणी दोन आठवड्यांनी उतरलं, हे सगळं पुढचं. त्या दुपारी मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. सगळीकडे पाणी, पाण्याला जराही आवाज नाही, आणि मी काकूंचं रिकामं जॅकेट मांडीवर धरून बसले होते. बोटीच्या माणसाने विचारलं, "शी इज नॉट कमिंग?"

"नो," मी म्हटलं. "शी इज कुकिंग."